ऋण सोडताना

नगर जिल्ह्यात कर्ज म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोडणीची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून निघतात, ती मुकादमाची उचल अंगावर घेऊनच. हंगाम संपतो, हातांना भेगा पडतात, पण पुष्कळदा उचल काही फिटत नाही. उरलेली पुढच्या हंगामावर चढते. सोसायटीचे कर्ज वेगळे, लग्नासाठी काढलेले वेगळे, विहिरीला पाणी लागेल या आशेवर काढलेले आणखी वेगळे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. वह्यांमधले आकडे होते तेथेच राहिले.

अशा या जिल्ह्यात दर रविवारी सकाळी नगर शहरातल्या जुन्या चर्चमध्ये आणि राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, संगमनेर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत माणसे उभी राहून येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणतात. भाकरी मागून झाली की लगेच क्षमा मागायची, असा तिचा क्रम आहे. इंग्रजीत ही प्रार्थना म्हणणाऱ्या पुष्कळांच्या तोंडी त्या ठिकाणी आगळीक किंवा अपराध अशा अर्थाचा शब्द येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ग्रीक पाठात मात्र शब्द आहे तो देण्याचा, कर्जाचा. आणि पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराने तो तसाच ठेवला आहे. ऋण. आम्ही ज्यांचे ऋण सोडले, तसे तू आमचे सोड, असा त्या मागण्याचा आशय. उचल अंगावर असलेला माणूस हे वाक्य म्हणतो, तेव्हा त्याला त्यात अलंकार दिसत असेल असे वाटत नाही.

ऋणाशी आपल्या भाषेचे नाते फार जुने. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणे घेऊनच माणूस जन्माला येतो, असे आपल्या पूर्वजांनी मानले. आपण उपकार फेडतो, आईबापांचे पांग फेडतो, नवस फेडतो. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जी गर्दी लोटते, तिच्यात ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात आणि त्यांतले कितीतरी नवस बोलायला किंवा फेडायलाच आलेले असतात. म्हणजे सगळीकडे फेडणे. फेडले की सुटलो. या हिशेबात गैर काही नाही; घेतलेले परत करावे, हे शिकवल्यावाचून घर चालत नाही आणि गावही चालत नाही. पण काही देणी फेडताच येत नाहीत. एखाद्याने दुसऱ्याच्या आयुष्यातली पाच वर्षे घेतली, तर ती कोणत्या नाण्यात परत करायची? अशा ठिकाणी फेडण्याचे शास्त्र लंगडे पडते. मग उरतात दोन वाटा. आयुष्यभर वही जपून ठेवायची, किंवा देणे सोडायचे.

देणे सोडण्याची दोन चित्रे या मुलुखाने पाहिली आहेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी सावकारांविरुद्ध भडका उडाला आणि थोड्याच दिवसांत तो नगर जिल्ह्यातही आला. पारनेर, श्रीगोंदे या बाजूच्या गावांत शेतकरी सावकारांच्या दारात जमले, त्यांनी कर्जरोखे मागितले आणि हाती आले ते जाळले. माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा रोख होता, हे त्या दंग्याचे वैशिष्ट्य. सरकारने आयोग नेमला, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदाही झाला. ते जाळणे अन्यायाविरुद्ध होते आणि आम्हाला ते समजू शकते. पण रोखा ऋणकोने जाळला, की धनकोच्या मनातली नोंद काही जळत नाही. ती तेथे राहते, बहुधा व्याजासह.

दुसरे चित्र देहूचे. तुकोबांच्या घरात पिढीजात सावकारी होती. दुष्काळानंतर, विरक्ती आल्यावर, आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. येथे कागद बुडवणारा हात धनकोचा आहे. येणे ज्याचे, त्यानेच ते सोडले. कुळे तर सुटलीच. पण सर्वांत आधी तुकोबा सुटले.

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे सांगणारा एक मोठा माणूस पुढे नगरला राहिला. ‘केवढे हे क्रौर्य!’ आणि ‘वनवासी फूल’ या कवितांचा कर्ता, रेव्हरंड नारायण वामन टिळक. पण आज लिहायचे आहे ते त्यांच्याविषयी कमी आणि त्यांच्या पत्नीविषयी जास्त. कारण क्षमेच्या या व्यवहारात टिळक होते ऋणको. धनको होत्या लक्ष्मीबाई.

हकिगत पुष्कळांना ठाऊक असेल. तरी ती पुन्हा सांगण्यासारखी आहे. टिळक कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. बुद्धीने तल्लख, स्वभावाने तापट, हातचे राखून ठेवणे ठाऊक नसलेले. जातिभेदाने पोखरलेल्या देशाला नवा धर्म हवा, या विचाराने त्यांना पछाडले होते. राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत वाचत आले आणि मग ते पुस्तक त्यांना खाली ठेवता आले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला न सांगता. पदरात लहानगा दत्तू होता.

त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईवर याचा आघात कसा झाला असेल, याची कल्पना आज आपल्याला पुरती येणार नाही. नवरा मेला असता तर समाजाकडे निदान त्यासाठी एक ठरलेली, क्रूर का होईना, जागा होती. नवरा जिवंत आणि बाटलेला, तर बायको कोण? सवाशीण नव्हे, विधवाही नव्हे. लक्ष्मीबाई वाढल्या होत्या त्या घराची तऱ्हा आणखी निराळी. आईचे वडील १८५७ च्या बंडाळीत फासावर गेलेले. तेव्हापासून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे जणू वेड लागले. बाजारातून आलेले धान्यच काय, मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. अशा घरातल्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. लक्ष्मीबाई पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या आणि नवराबायकोची ताटातूट जवळजवळ पाच वर्षे टिकली.

येथे एक कायद्याची गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. १८६६ सालापासून असा कायदा होता, की धर्मांतर केलेल्या ख्रिस्ती माणसाला त्याच्या धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने टाकले, तर कोर्टात जाऊन शेवटी तो विवाह मोडून घेता येई आणि दुसरा करता येई. टिळकांना ती वाट मोकळी होती. ती त्यांनी धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, बोलावीत राहिले, वाट पाहत राहिले. केलेला अन्याय त्याने पुसला जात नाही. पण ज्याच्या अंगावर देणे आहे त्याने पळून न जाता दारात उभे राहावे, एवढे तरी त्यांनी केले.

आणि लक्ष्मीबाई आल्या. आल्या त्या क्षमा करायला आल्या, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी वेगळे ठेवण्याच्या बोलीने त्या आल्या आणि टिळकांनी ते मान्य केले. ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको, असा तो संसार. शेजारणींची काय करमणूक झाली असेल! पण आमच्या मते हा या कथेतला सर्वांत मोलाचा काळ. जखम झालेली असताना लोक लगेच गळ्यात पडत नाहीत, नाटकात पडतात. खऱ्या घरात आधी अंतर राखून जेवण होते, मोजके बोलणे होते, मुलाच्या निमित्ताने दोन वाक्ये जास्त होतात. क्षमेला असा अवकाश लागतो आणि तो देण्याची जबाबदारी अपराध करणाऱ्यावर असते.

नगर-राहुरीच्या त्या दिवसांत लक्ष्मीबाईंच्या मनाने एक गाठ स्वतःच सोडवली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांत जसा जातीजातींत फरक दिसतो तसा माणसांच्या शरीरांत दिसला असता. तो तर दिसत नाही. मग हे सगळे माणसांचे. ठरले, आता कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. मात्र ख्रिस्ती व्हायचे नाही, हेही त्यांनी त्याच वेळी ठरवून टाकले होते! बाप्तिस्मा मागून आला, १९०० साली. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी वही मिटली, मग प्रार्थना आली.

वही म्हणण्याचे कारण असे, की सोवळे हीसुद्धा एक जमाखर्चाची वहीच होती. कोणी काय शिवले, कोणाची सावली कोठे पडली, कोणाच्या हातचे पाणी कोणत्या भांड्यात गेले, याची चोवीस तास नोंद. मीठ धुणाऱ्या वडिलांच्या घरात ही वही किती जाड असेल! जगाने आपल्याला सतत विटाळले आहे आणि आपण सतत ते धुऊन काढायचे आहे, अशी ती वृत्ती. नवऱ्यावरचा राग आणि जगाचा विटाळ या दोन नोंदवह्या एकाच मनात होत्या, आणि एक मिटल्यावर दुसरी उघडी राहू शकली नाही, असे आम्हाला वाटते. आध्यात्मिक स्वातंत्र्य हा शब्द व्यासपीठावरून फार ऐकायला मिळतो. नगरच्या या बाईच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच होता, की तिला दिवसभर कशाचीही नोंद ठेवावी लागेनाशी झाली.

पण सोडण्याचे बळ माणसाला येते कोठून? विचाराने जात सुटते. अपमान विचाराने सुटतोच असे नाही. ख्रिस्ती श्रद्धेचे याला जे उत्तर आहे, ते पुन्हा कर्जाच्याच भाषेत आहे. पेत्राने येशूला विचारले, की भावाने अपराध केला तर त्याला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? उत्तर आले, सातांच्या सत्तर पट. आणि पाठोपाठ एक दाखला. एका राजाच्या चाकराकडे दहा हजार तालांत येणे होते. आता, त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी एक दीनार, आणि एका तालांताचे सुमारे सहा हजार दीनार. म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. असे कर्ज असू शकत नाही. ऐकणारे हसलेच असतील. राजाने ते सोडले. तोच चाकर बाहेर आला आणि त्याने आपल्या सोबत्याचा गळा धरला. सोबत्याकडे त्याचे येणे होते शंभर दीनार.

या दाखल्यात आम्हाला नेहमी जाणवते ते दुसऱ्या आकड्याचे शहाणपण. शंभर दीनार म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी. ही काही किरकोळ रक्कम नव्हे. तुझे येणे क्षुल्लक आहे, तुला झालेले दुःख फार नाही, असे येशू म्हणत नाही. तीन महिन्यांचे कष्ट खरोखरच कोणीतरी बुडवलेले आहेत. फक्त ज्याचे सहा कोटी सुटले, त्याच्या हातात ती वही आता शोभत नाही. आपले स्वतःचे न फिटणारे देणे कोणीतरी सोडले आहे, हा अनुभव ज्याला येतो, त्याची मूठ आपोआप सैल होते. श्रद्धा म्हणतात ती ही. ती नसलेला माणूस क्षमा करू शकत नाही असे नाही, आणि असलेला करतोच असेही नाही. चर्चच्या कमिट्यांमधली भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, ते आमच्याशी सहमत होतील.

येथे एक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती मंडळी मुख्यतः टिळकांसारख्या घरांतून आलेली नाहीत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले. त्यांच्या शाळांमधून, आणि १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर फार मोठ्या संख्येने, जे ख्रिस्ती झाले ते बहुतेक त्या वेळी अस्पृश्य ठरवलेल्या समाजांतले, महार आणि मांग. शतकानुशतके ज्यांना विहिरीवर येऊ दिले नाही, त्यांच्या वहीत किती येणे असेल? शिवाय देणे काही जुन्या काळातच साचले असे नाही. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशात ख्रिस्ती झालेल्या दलितांना जागा नाही. म्हणजे गाव त्याची जात विसरत नाही, पण सरकारी कागद विसरतो. याच जिल्ह्यात २०१३ साली सोनईला आणि २०१४ साली खर्ड्याला दलितांचे जे खून झाले, त्यांनी सारा महाराष्ट्र हादरला. त्या घरांत जाऊन क्षमेचा उपदेश करण्याचे धैर्य कोणाला होईल? झाले, तर ते धैर्य नव्हे, निलाजरेपणा होईल.

म्हणूनच तुकोबा आणि १८७५ यांतला फरक आधी सांगितला. ऋण सोडायचे ते ज्याचे येणे आहे त्याने. दुसऱ्या कोणी त्याला तसे सांगायचे नसते, आणि देणेकऱ्याने तर मुळीच नाही. शिवाय सोडण्यासाठी देणे आधी लिहिलेले असावे लागते. जे नोंदवलेच नाही ते सोडणार काय? झाले गेले विसरून जा, असे घराघरांत सुनांना आणि गावागावांत दलितांना सांगितले जाते, तेव्हा त्यांच्याकडून क्षमा मागितलेली नसते; नोंद फाडून मागितलेली असते.

ग्लॅडिस स्टेन्स यांची आठवण येथे होते. २३ जानेवारी १९९९ च्या पहाटे ओरिसातल्या मनोहरपूर गावात त्यांचे पती ग्रॅहम आणि दहा व सहा वर्षांचे दोन मुलगे यांना जीपमध्ये झोपलेले असताना जाळून मारण्यात आले. मारणाऱ्यांना आपण क्षमा केली, असे त्या म्हणाल्या, आणि देशभर त्याची चर्चा झाली. पण क्षमा आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम या वेगळ्या गोष्टी आहेत, असेही त्यांनी स्पष्ट केले होते. त्या साक्षीच्या वाटेत आडव्या आल्या नाहीत, खटला चालला, शिक्षा झाल्या. आणि त्या स्वतः बारिपदात कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम चालू ठेवून राहिल्या. न्यायाची वही कोर्टाकडे, आपल्या मनातली वही बंद, अशी ती विभागणी होती. फार थोड्यांना जमते. पण जमू शकते, हे एकदा दिसल्यावर नाकारता येत नाही.

लक्ष्मीबाईंकडे परत वळायला हवे, कारण त्यांचा हिशेब १९०० साली संपला नव्हता. टिळक बदलले नव्हते. तोच संताप, तोच विसरभोळेपणा, घरातले पैसे कोणाच्याही हाती ठेवून येण्याची तीच सवय. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे मुभा होती. कल्पना भव्य होती. पण संसारी बाईच्या दृष्टीने पाहिले, तर बावीस वर्षांनी पुन्हा तीच गोष्ट. नवरा आपल्या हाकेमागे निघाला आहे आणि घर सावरायचे आहे तिने. सातांच्या सत्तर पट हा आकडा विवाहित माणसाला फार लवकर पटतो. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले.

त्यानंतर लक्ष्मीबाईंनी जे केले ते असे, की सगळे लिहून काढले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. फारसे शिक्षण नसलेल्या या बाईने मराठी गद्याला काय दिले, हे येथे नव्याने सांगण्याची गरज नाही. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या पुस्तकाचे महत्त्व निराळे आहे. त्यात टिळकांची एकही आगळीक झाकलेली नाही. रागाच्या भरात घर सोडून जाणे आहे, न सांगता घेतलेला बाप्तिस्मा आहे, पंढरपूरचे दिवस आहेत, रिकामे डबे आहेत. प्रत्येक रक्कम तारखेसह मांडावी तशी मांडलेली. आणि तरी ते वाचताना वाचक हसतो, कारण लिहिणारीच हसत असते. नवऱ्याला संत करण्याचा मोह तिने टाळला, त्याला खलपुरुष करण्याची गरजही तिला वाटली नाही. ख्रिस्ती मंडळींनी चालवलेल्या चरित्रमाला आम्ही थोड्याबहुत चाळल्या आहेत. अशा प्रामाणिकपणाने लिहिलेले दुसरे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही.

नगरच्या त्या घरात माणसांचा राबता असे. दुष्काळाने आणि प्लेगाने उघडी पडलेली पोरे येऊन राहत. जन्मदात्यांना नको झालेली एक मुलगी आली. तिचे नाव ‘नकोशी’, आणि ती घरचीच झाली. खानदेशातून आलेला एक हळवा, लहरी तरुण मुक्कामाला होता. त्र्यंबक बापूजी ठोमरे त्याचे नाव, बालकवी म्हणून पुढे महाराष्ट्र त्याला ओळखू लागला. कोण कोणत्या जातीचे, कोणाच्या हातचे कोणी घ्यायचे, हा प्रश्न आता तेथे निघत नसे. एकेकाळी नवऱ्यापासूनही जी वेगळी राखली होती, त्याच बाईच्या चुलीवर ही सगळी माणसे जेवत होती.